आंधळा राखणदार

काळभैरव हा राखणीचा देव. गावाची शीव, रान, वाट, खळं हे सगळं त्याच्या नजरेखाली, म्हणून तर त्याला क्षेत्रपाल म्हणतात. कुत्रा त्याचं वाहन. परंडा तालुक्यातल्या आमच्या सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनासाठी लांबलांबून माणसं येतात. कितीतरी घरांचं ते कुलदैवत. अशा गावातल्या माणसाला कुत्रा आणि राखण यांचं नातं फोड करून सांगावं लागत नाही. जनावर भाकरीच्या तुकड्यावर जगतं आणि त्या बदल्यात रात्रभर जागं राहतं, एवढाच तो करार.

म्हणून बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छप्पन्नावा अध्याय सोनारीकराच्या हाती पडला, तर त्याला तळटीपा लागत नाहीत. अध्यायाच्या शेवटाकडे संदेष्टा रानातल्या श्वापदांनाच आवतण धाडतो. या म्हणतो, खुशाल खा, अडवायला कोणी नाही. कारण काय, तर राष्ट्राचे राखणदार आंधळे झालेत. एवढं बोलून तो थांबत नाही. ते मुके कुत्रे आहेत, त्यांना भुंकणं ठाऊक नाही, स्वप्नं बघत लोळणं तेवढं त्यांना आवडतं, असं तो सुनावतो. वर आणखी एक घाव घालतो: हे कुत्रे अधाशी आहेत, कितीही मिळालं तरी पुरे म्हणत नाहीत.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे आपल्या आयाबायांनी जात्यावर बसून केव्हाच पाहून ठेवलंय. पण आपल्या म्हणीत आंधळं एक आणि कुत्रं दुसरं. नुकसान आंधळ्याचं होतं, म्हणून त्याची कीव येते आणि कुत्र्याला काठी बसते. यशयाच्या चित्रात ते दोघे नाहीतच. आंधळा तोच, कुत्रा तोच. मला दिसत नाही म्हणणाराच पीठ खातोय.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांत आंधळेपणाचं रूपक जागोजाग येतं. सफन्या म्हणतो, लोक आंधळ्यांसारखे चाचपडत चालतील. यशयाच्याच एकोणसाठाव्या अध्यायात माणसं भरदुपारी भिंत चाचपत जातात आणि ठेचकाळतात. यिर्मया आपल्या लोकांना डोळे असून न पाहणारे म्हणतो. हे वाचताना आपण मराठी वाचक चटकन आपल्या ओळखीच्या वाटेला लागतो. आपल्याकडे आंधळेपण म्हणजे अज्ञान, अविद्या, तिमिर. सद्गुरू येतो, ज्ञानाचं अंजन घालतो, पडळ जातं. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला भुईतलं धन दिसतं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली की संतांनीही ती दृष्टान्ताला वापरली. त्या चित्रातला आंधळा निर्दोष असतो. बिचाऱ्याला अंजन मिळालं नव्हतं, एवढंच.

संदेष्ट्यांचा आंधळा तसा निर्दोष नाही. त्याला कामावर ठेवलं होतं ते बघण्यासाठीच. वेशीवरचा येसकर किंवा पिकाचा जागल्या रात्री झोपी गेला, तर गाव त्याला अज्ञानी म्हणत नाही, कामचुकार म्हणतं. म्हणून ही वचनं वाचताना मी स्वतःला आधी एक प्रश्न विचारतो: हा आंधळा कामाला कुठं होता? उत्तर बहुतेक वेळा मिळतं. राजवाड्यात होता, मंदिरात होता, पोथीपाशी होता.

पोथीपाशी असणाऱ्या आंधळ्याचं चित्र यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे आणि या सगळ्या रूपकांत मला ते सर्वांत झोंबणारं वाटतं. काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या शेवटचा. यरुशलेममध्ये हिज्कीया राजा आहे. उत्तरेकडून अश्शूरचं सैन्य येणार हे दिसतंय. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये ते आलंही. दरबारातले मुत्सद्दी गुपचूप मिसरशी, म्हणजे इजिप्तशी, संधान बांधताहेत, आणि आपल्याला कोण बघतंय, अशा भ्रमात आहेत. त्यांना संदेष्टा सांगतो, की तुमच्यापुढं सगळं दर्शन आता मोहर लावलेल्या ग्रंथासारखं झालंय. वाचता येणाऱ्याच्या हाती तो ग्रंथ दिला तर तो म्हणतो, कसा वाचू, मोहर आहे. वाचता न येणाऱ्याच्या हाती दिला तर तो म्हणतो, मला अक्षरओळख नाही. दोघेही ग्रंथ परत देतात. मोहर फोडून पाहावी असं शिकलेल्याला वाटत नाही आणि कुणाकडून वाचून घ्यावं असं न शिकलेल्याला सुचत नाही.

ही मोहर म्हणजे नेमकं काय, तेही पाहण्यासारखं आहे. गुंडाळीला दोरा बांधायचा, गाठीवर ओल्या मातीची चिमूट थापायची आणि त्यावर मुद्रा उठवायची. यरुशलेमच्या उत्खननांत अशा मातीच्या मोहरा सापडल्या आहेत. खुद्द हिज्कीया राजाच्या नावाची एक मोहर २०१५ साली पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांनी जाहीर केली. नखाएवढी मातीची टिकली. पाठीमागं दोऱ्याचे वळ अजून दिसतात. बोटाच्या नुसत्या दाबानं फुटावी एवढीच ती. शिकलेल्या माणसाला अडवत होतं ते एवढंसं!

आमच्या भागातल्या माणसाला हे परकं वाटू नये. परंडा तालुक्यातच सीनेच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी तिथं राहिले. समर्थ सांगत गेले आणि कल्याणांनी लिहून घेतला तो दासबोध, असं परंपरा सांगते. त्यांच्या हातची पोथी डोमगावच्या मठात जपली गेली. जपणं मोलाचंच. जपणारे नसते तर आज छापील प्रतींना आधार कशाचा राहिला असता? पण पोथी जपण्याची आपली रीत आपल्याला ठाऊक आहे. लाकडी फळ्या, वर तांबडं बासन, त्यावर हळदकुंकू आणि फूल. घरोघरच्या कितीतरी पोथ्या पूजेच्या दिवशी देव्हाऱ्यातून बाहेर येतात, फूल घेतात आणि बासनासकट परत जातात. उघडू म्हणणाऱ्याला हात लावू देत नाहीत, आणि ज्यांना हात लावू देतात ते उघडत नाहीत. यशयानं हे आधीच लिहून ठेवलंय म्हणून मी हसतो, आणि हसताना आमच्या देव्हाऱ्याकडे बघायचं टाळतो.

त्याच अध्यायात, मोहरबंद ग्रंथानंतर थोडंच पुढं, संदेष्टा कुंभाराकडे वळतो. गुपचूप बेत रचणाऱ्यांना तो विचारतो, की तुम्ही सगळं उलटंच करून टाकलं; मडकं कधी कुंभाराला म्हणतं का, की यानं मला घडवलंच नाही, याला काही कळत नाही? हे वाचलं की धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात तेर उभं राहिल्याशिवाय कसं राहील? गोरोबाकाकांचं तेर. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाच्या भजनात डोळे मिटले आणि पायाखाली रांगत आलेलं लेकरू कळलं नाही, ही त्यांची कथा आपण भक्तीची पराकाष्ठा म्हणून ऐकतो. मला ती दर वेळी तेवढ्या सुखानं ऐकवत नाही. देवाकडे लागलेले डोळे पायाखालचं बघायला मोकळे राहिले नाहीत, तर त्याला काय म्हणायचं? कथेनंही ते सोडून दिलेलं नाही. बायकोचा आकांत तिच्यात आहे, पुढं गोरोबांचे हात तुटणं आहे, आणि पंढरीला लेकरू आणि हात दोन्ही परत मिळाल्यावरच कथा पुरी होते.

तेरचीच दुसरी कथा तर यशयाला अगदी लागून आहे. संतमंडळी जमली असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि कोणतं मडकं भाजलंय, कोणतं कच्चं, ते पाहिलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. कच्चं मडकं ठरले ते नामदेव, म्हणजे ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवतो अशी ख्याती होती ते! मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाणं, पिंडीवर पाय ठेवून निजलेला म्हातारा पाहून संतापणं, आणि त्याचे पाय उचलून जिथं ठेवावेत तिथं पिंडच उभी राहणं. कच्चेपणाचा ठपका गावाबाहेरच्या नास्तिकावर आलेला नाही. देवाच्या पंगतीत रोज बसणाऱ्यावर आला. यशया बेचाळिसाव्या अध्यायात देवाच्या तोंडी हाच प्रश्न घालतो, की माझ्या सेवकाइतका आंधळा दुसरा कोण आहे? पुष्कळ पाहिलं आणि लक्षात काही ठेवलं नाही, असा तो सेवक.

या रूपकाची किल्ली मला इथं दिसते. बायबलचे संदेष्टे ‘आंधळे’ हा शब्द वापरतात तो बहुतेक वेळा आपल्या घरात, आपल्या माणसांवर, त्यातही हुद्द्यावरच्या माणसांवर. मिसरचे लोक देव ओळखत नाहीत म्हणून आंधळे आणि आपण डोळस, असं यशया म्हणत नाही. तो म्हणतो, तुम्ही ग्रंथ बाळगणारे, तुम्ही राखणदार, तुम्ही सेवक, आंधळे तुम्ही.

आणि पुढच्या शतकांनी नेमकं हेच उलटं केलं. जर्मन सीमेजवळच्या स्ट्रासबूर्गच्या कॅथीड्रलवर १२३०च्या सुमारास दोन दगडी स्त्रिया घडवल्या. एक चर्च: डोक्यावर मुकुट, हातात क्रूस, नजर ताठ. दुसरी सिनेगॉग, म्हणजे ज्यू समाज: मान खाली, भाला मोडलेला, डोळ्यांवर पट्टी. पट्टी बघून आपल्याला गांधारी आठवते. पण गांधारीनं आपली पट्टी आपल्या हातानं बांधली होती, हिला ती शेजारणीनं बांधलेली. यशयानं आपल्या लोकांना घरात मारलेले फटके शेजाऱ्यांनी उचलले आणि त्याच लोकांना रस्त्यात मारले. पुढं ज्यूंवर जे गुदरलं त्याच्या मुळाशी अशी चित्रं किती होती, हे चर्चलाही उमगायला १९६५ साल उजाडावं लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यानं ज्यूंना शापित ठरवणारी शिकवण नाकारली. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, फिलाडेल्फियात जोशुआ कॉफमन यांनी त्याच दोन स्त्रिया नव्यानं घडवल्या. दोघी शेजारी बसल्यात, दोघींना मुकुट आहे, दोघी एकमेकींच्या ग्रंथात डोकावताहेत. पट्टी कुणालाच नाही.

आपल्याकडेही मिशनऱ्यांनी हे रूपक आणलं ते बहुधा स्ट्रासबूर्गच्या वळणाचं. एकोणिसाव्या शतकातली त्यांची पत्रकं चाळली की हिंदू अंधारात आणि प्रकाश बोटीतून येतोय असं चित्र सारखं दिसतं. न्याय म्हणून हेही सांगितलं पाहिजे, की त्या काळी उजेडाची हौस सगळ्यांनाच होती. दर्पण, दिग्दर्शन, प्रभाकर, ज्ञानोदय, ज्ञानप्रकाश ही त्या वेळच्या मराठी नियतकालिकांची नावंच पाहा. त्यांतलं १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालेलं ज्ञानोदय तेवढं मिशनचं. पण यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात मूर्तिकाराची टर उडवलीय. एकाच झाडाचं अर्धं लाकूड जाळून भाकरी भाजली आणि उरलेल्या अर्ध्याचा देव केला, अशी ती टर. ती आमच्या शेंदराकडे बोट दाखवून वाचली गेली, तेव्हा आमच्या आज्या-पणज्यांचे कान बंद झाले यात नवल नाही. शेंदूर फासलेल्या दगडांवर तुकोबांनी, एकनाथांनी काही कमी कोरडे ओढलेत का? तेव्हा कान उघडे राहिले. कारण ते वारीत चालत होते, त्याच गावचं पाणी पीत होते. संदेष्ट्याची धार घरच्या माणसाच्या हातीच शोभते. यशयाही बोलत होता ते बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, झगमगाटाला भुलू पाहणाऱ्या आपल्याच माणसांशी.

म्हणून मला २०२० सालचा जानेवारी फार अर्थपूर्ण वाटतो. १० ते १२ जानेवारीला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी भरलं. गावाचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचं नाव. आणि अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, संपूर्ण बायबल ‘सुबोध बायबल’ म्हणून मराठीत आणणारे. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार २०१३ साली मिळाला. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून निवडीच्या वेळी काही मंडळींनी गदारोळ केला होता. फादर पाठीच्या दुखण्यानं बेजार होते, तरी व्हीलचेअरवरून आले. कुंभाराच्या नावाच्या मांडवात यशयाचा मराठी अनुवादक बसला, ही गाठ कुणी ठरवून मारली नव्हती.

पण फादरांचं मला अधिक अप्रूप आहे ते दुसऱ्या कारणासाठी. १९८०च्या दशकाच्या शेवटी वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डर आणि पाण्याचे टँकरवाले तुटून पडले, तेव्हा हा धर्मगुरू हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरला. दहशतीचा तो काळ होता. गप्प बसणं सोयीचं होतं, आणि धर्मगुरूनं देवळात बसावं असं म्हणणारे तेव्हाही होते. छप्पन्नाव्या अध्यायातला राखणदार भुंकला असता तर कसा दिसला असता, याचं उत्तर मला तिथं मिळतं. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

आता एक अवघड जागा. यशयाला जेव्हा पाचारण होतं, तो सहावा अध्याय. उज्जीया राजा मेला ते वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ७४०च्या आसपास. देव त्याला सांगतो, की जा, या लोकांचं मन जड कर, कान बधिर कर, डोळे मिट. नाहीतर ते बघतील, वळतील आणि बरे होतील. हे काय भलतंच? बरं करणारा देवच डोळे मिटायला सांगतो? भाष्यकारांनी यावर पुष्कळ शाई खर्च केलीय. कुणी म्हणतं, हा उपरोध आहे. कुणी म्हणतं, सेवेच्या शेवटी जे घडलेलं दिसलं तेच सुरुवातीला हुकूम म्हणून लिहिलंय. मला यातलं दुसरं पटतं, कारण रोजच्या व्यवहारात ते दिसतं. खरं बोलणारा माणूस गप्प बसलेला असतो तोवर आपले डोळे किलकिले का होईना उघडे असतात. तो बोलायला लागला की आपण ते घट्ट मिटतो. डोळे मिटायला त्याचं बोलणंच कारण होतं. बोलणाऱ्याला हे आधी ठाऊक असलेलं बरं, नाहीतर पहिल्याच वर्षी तो खचून जाईल. यशयानं विचारलंही, हे किती दिवस? उत्तर आलं, नगरं ओस पडेपर्यंत.

नगरं ओस पडली ती दीडशे वर्षांनी, आणि त्या वेळी हे रूपक रूपक राहिलं नाही. यहूदाचा, म्हणजे यरुशलेमच्या राज्याचा, शेवटचा राजा सिद्कीया. यिर्मया त्याला वारंवार सांगत होता, की बाबेलला शरण जा, नगर वाचेल. राजाला ते पटतही होतं. तो चोरून यिर्मयाला बोलावून घ्यायचा, विचारायचा आणि सरदारांच्या भीतीनं पुन्हा गप्प बसायचा. तिकडे बाबेलला हद्दपार झालेला संदेष्टा यहेज्केल विचित्र भाकीत करत होता: हा अधिपती बाबेलला येईल, तिथंच मरेल, पण तो देश त्याला दिसणार नाही. हे कसं शक्य आहे, असं ऐकणाऱ्यांना वाटलं असेल. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास तट फुटला, राजा रात्रीचा पळाला, यरीहोच्या माळावर सापडला. बाबेलच्या राजानं त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि साखळदंडानं बांधून बाबेलला नेलं. आपला धृतराष्ट्र जन्मांध. पोरांचं मरण त्याला संजयाकडून ऐकावं लागलं. सिद्कीयाला ते बघावं लागलं आणि बघण्यासारखं आयुष्यात पुन्हा काही उरलं नाही. दोघांनाही सगळं वेळेवर सांगितलं गेलं होतं, आणि दोघांनीही होय होय म्हटलं होतं.

नव्या करारातही हे रूपक येतं, जसं लावदिकीया गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ त्याचे अवशेष आहेत. पेढ्या, काळी लोकर आणि वैद्यकी यांसाठी ते गाव नावाजलेलं, आणि त्या मुलखातली डोळ्यांची पूड लांबवर माहीत होती. इसवी सन ६० मध्ये भूकंप झाला, तेव्हा त्यांनी रोमची मदत न घेता गाव पुन्हा उभं केलं. अशा गावाला पत्र येतं, की तुम्ही दरिद्री, उघडे आणि आंधळे आहात. माझ्याकडून अंजन विकत घ्या. तेही पत्र पुन्हा मंडळीलाच, म्हणजे घरच्यांनाच.

हे सगळं लिहिताना एक खटकत राहतं. ज्यांना खरोखरच दिसत नाही, त्यांनी हे रूपक कसं ऐकायचं? बर्मिंगहॅमचे धर्मशिक्षणाचे प्राध्यापक जॉन हल पंचेचाळिशीच्या आसपास पूर्ण अंध झाले. नंतर त्यांनी बायबलशी वाद घालणारं एक पुस्तकच लिहिलं. त्यांची तक्रार साधी होती: हा ग्रंथ डोळस माणसांनी लिहिलाय आणि पापाला उपमा हवी झाली की ते आमच्याकडे हात करतात. तक्रार खरी आहे. त्याच बायबलात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, असा नियमही आहे आणि आंधळ्याची वाट चुकवणाऱ्याला शापही आहे. पण रूपकांचा आवाज नियमांपेक्षा मोठा निघतो. आपल्या म्हणींचंही तेच. मिशनच्या माणसांचं एक काम मात्र त्यांच्या पत्रकांहून सरस निघालं. अ‍ॅना मिलर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. तीच पुढं दादरची अंधशाळा. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी, आंधळ्या मुलींना ब्रेल वाचायला शिकवलं. त्या मुलींनी बोटांनी यशया वाचला असेल, तर त्यांच्यापुढं तरी मोहर आड आली नाही.

     

यशयाच्या बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या अध्यायांत आंधळेपणाचा हा धागा जिथं जातो, ते मात्र मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. आधी देव म्हणतो, की आंधळ्यांना मी त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या वाटेनं घेऊन जाईन. डोळे देतो आणि मग चला, असं तिथं नाही; चालणं आधीच सुरू झालंय. दोन-तीन वचनांनी तोच देव सेवकाला आंधळा म्हणून खडसावतो. कामावरून काढल्याचा उल्लेख मी शोधला, तो नाही. पुढच्या अध्यायात तर कोर्ट भरतं. सगळी राष्ट्रं एका बाजूला, त्यांना आपापले साक्षीदार आणायला सांगितलंय. देव आपला पक्ष मांडायला उठतो आणि हुकूम सोडतो, की डोळे असून आंधळे, कान असून बहिरे असे ते लोक बाहेर आणा. ते येऊन उभे राहतात, आणि तो त्यांना म्हणतो, की माझे साक्षीदार तुम्ही. परंड्याच्या कोर्टात असा साक्षीदार उभा केला तर समोरचा वकील दोन प्रश्नांत त्याला घरी धाडील. यशयाच्या कोर्टात देवाच्या बाजूनं दुसरा साक्षीदारच नाही.